पट्टी हातात घेऊन

दिवाळीचे कंदील उतरवून माळ्यावर टाकेपर्यंत नंदुरबारला ठसका लागतो. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते आणि गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर पथाऱ्या पडतात. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायची जागा, नजर जाईल तिथवर लालच लाल. वारा गावाकडे फिरला की दुकानात बसलेला माणूस आधी शिंकतो आणि मग ‘या, बसा’ म्हणतो. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारतात, तुम्ही इथं राहता कसे? आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र हल्ली वाटतं. कारण मिरची वाळायला पडली की आमच्याकडे फुटबॉलची स्पर्धा सुरू होते, आणि स्पर्धा सुरू झाली की गाव माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त चांगलं वागायला लागतं.

माझं नाव पारस आहे, हे माझ्या आधार कार्डाला माहीत आहे आणि बायकोला. बाकी सगळ्यांना मी कॅप्टन. पणजोबा राजस्थानातून आले, त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. पाटीवर अजून वडिलांचं नाव आहे, पण पत्ता सांगताना लोक ‘कॅप्टनच्या दुकानासमोर’ असंच सांगतात. खेळणं सोडून सव्वीस वर्षं झाली. डावा गुडघा जिना चढताना वाजतो आणि पोट शर्टाच्या बटणांशी रोज भांडतं. तरी मी रस्त्याने निघालो की पानाच्या टपरीवरची पोरं सिगारेट पाठीमागे लपवतात.

आदर मिळावा असं कोणाला वाटत नाही? पण सारखा मिळाला की त्याचा जाच होतो, हे कोणी सांगत नाही. कॅप्टन भाजीवालीशी घासाघीस करू शकत नाही. कॅप्टन रिक्षावाल्यावर ओरडू शकत नाही. मागे एकदा गॅसच्या रांगेत एक जण सरळ माझ्या पुढे घुसला, मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणी तरी म्हणालं, “ऱ्हाऊ द्या ना कॅप्टन, तुमी तं मोठा मनना मानूस!” झालं. मी मोठ्या मनाने तोंड मिटलं आणि अर्धा तास जास्त उभा राहिलो. बायको म्हणते, तुम्हाला आता देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी आहे. ती थट्टेने म्हणते. तिलाही मी काही सांगितलेलं नव्हतं.

आमच्या स्पर्धेत तेव्हा एक रिवाज होता. दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. पंच एकटे असायचे, बोरसेसर, शाळेत ड्रिल शिकवणारे, साठीला टेकलेले, गळ्यात शिट्टी आणि पायात कॅनव्हासचे बूट. लाइनमन नाही, गोलाला जाळी नाही, फक्कीने आखलेल्या रेषा अर्ध्या खेळात पुसून जायच्या. सर मैदानाच्या मध्यावर धापा टाकत असायचे आणि भानगड व्हायची भलतीकडेच. मग सर शिट्टी मुठीत धरून सावकाश चालत यायचे आणि ज्याच्या संघावर आळ आहे त्या संघाच्या कॅप्टनसमोर उभे राहायचे. म्हणायचे, “कॅप्टन, शब्द दे.” दंडावर लाल कापडाची पट्टी बांधलेली असायची. कॅप्टनने ती सोडायची, उजव्या हातात घ्यायची आणि काय घडलं ते सांगायचं. तो सांगेल तो निकाल. त्यावर ना पंच बोलायचा, ना पब्लिक, ना समोरचा संघ. पट्टी हातात घेऊन कोणी खोटं बोलेल, ही गोष्टच कोणाच्या डोक्यात आलेली नव्हती. आता हसू येतं. किती भोळा नियम! पण तो वर्षानुवर्षं चालला, आणि ज्या अर्थी चालला त्या अर्थी बरेच लोक खरं बोलत असणार.

मीही बोललो होतो. माझ्या खेळाच्या शेवटच्या वर्षी, कोरीटच्या संघाशी सामना होता आणि आमच्या गोलापुढे बॉल माझ्या कोपराला लागला. कोणाला दिसलं नव्हतं. सरांनी पट्टी सोडायला लावली आणि मी म्हणालो, “लागला सर, हात लागला.” त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, आम्ही कसेबसे जिंकलो. पण त्या दिवसापासून गावात माझं नाव झालं. जिंकल्यामुळे झालं नाही, कोपरामुळे झालं. दुकानात गिऱ्हाईक वडिलांना सांगायचं, “शेठ, तुमना पोऱ्या हिरा शे हिरा.” वडिलांना तोवर माझा खेळ म्हणजे शुद्ध वाया जाणं वाटायचं. आपल्या घरातल्या पोराने चड्डी घालून धुळीत लाथा मारत फिरायचं? त्या आठवड्यात मात्र त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने दूध गाळून दिलं. “मालात एक वेळ खोट निघाली तरी चालेल,” ते म्हणाले, “जबानीत निघता कामा नये.” ते दूध अजून तोंडात आहे, साखर जास्त झाली होती.

अंतिम सामना धडगावच्या वरच्या डोंगरातल्या एका गावाशी होता. ते लोक दोन गाड्या बदलून आले होते. भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या, आणि अकरातले सात जण अनवाणी खेळत होते. त्यांचा कॅप्टन जामसिंग. बुटका, रुंद छातीचा, माझ्याच वयाचा पावरा आदिवासी. घरी ते पावरी बोलायचे, आमच्याशी तो शाळेतलं मराठी बोलायचा, जपून, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. सामन्याआधी आम्ही कॅप्टन लोक एकमेकांचा हात हातात घ्यायचो आणि सोडायचो. जामसिंगने आमच्या अकराही जणांचे हात हातात घेतले, आमच्या पाणी देणाऱ्या म्हाताऱ्याचाही घेतला.

पहिल्या अर्ध्यात त्याच्या एका खेळाडूने आमच्या गोलकीपरला, बंडूला, आईवरून शिवी दिली. सरांना ऐकू गेली नाही. बंडू पेटला होता, पण काही करायच्या आत जामसिंग आला, त्याने आपल्याच माणसाचं मनगट धरलं, त्याला चालवत रेषेबाहेर नेलं आणि म्हणाला, “इथं बस.” पंचाने कार्ड दाखवलेलं नव्हतं, कोणी तक्रार केलेली नव्हती. पुढचा सगळा सामना ते दहा जण खेळले. मी मैदानावर पुष्कळ मोठेपणा पाहिला आहे, भाषणांमधून तर पोत्याने ऐकला आहे. असं करताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही.

आम्ही एका गोलाने पुढे होतो. शेवटची पाच मिनिटं असतील. शेजारच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका काम सोडून कुंपणाशी येऊन उभ्या होत्या, वारा आमच्या अंगावर होता, डोळे चुरचुरत होते. जामसिंगने लांबून फटका मारला. बंडू झेपावला, बॉल त्याच्या बोटांना लागून खांबाजवळून आत गेला आणि बंडूने तो पडल्यापडल्या हाताने बाहेर ओढला. मी खांबाला टेकून उभा होतो, माझा पाय रेषेवर होता. बॉल वीतभर आत होता. वीतभर. त्यात शंकेला जागाच नव्हती.

डोंगरातले लोक गोल गोल म्हणून नाचायला लागले, आमचे नाही नाही म्हणून ओरडायला लागले. सर चालत आले. माझ्यासमोर उभे राहिले. मी पट्टीची गाठ सोडत होतो, ती घामाने आवळली होती, आणि गाठ सोडता सोडता माझी नजर वर गेली. शाळेच्या भिंतीशी वडील उभे होते. पांढरी टोपी, हातात छत्री. भर बाजाराच्या दिवशी दुकान नोकराच्या हवाली करून ते आयुष्यात पहिल्यांदा माझा खेळ बघायला आले होते. कोपरामुळे आले होते. आणि मला त्यांच्यासमोर जिंकायचं होतं. खरं बोलून मी त्यांना आधीच मिळवलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. बावीस वर्षांच्या माणसाला काय कळतं, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा सोडून दिलं आहे. पण कळत होतं. मी म्हणालो, “लाइनवरच थांबला, सर.”

सरांनी मान हलवली. त्यांचे लोक आत धावून येऊ लागले तेव्हा जामसिंग दोन्ही हात पसरून त्यांच्या आडवा उभा राहिला. त्याने आधी त्यांच्या भाषेत काही तरी सांगितलं, मग मला आणि सरांना कळावं म्हणून मराठीत म्हणाला, “त्याने पट्टी हातात घेतली ना? मग झालं.”

वडील मरेपर्यंत सांगत राहिले, गिऱ्हाइकांना, व्याह्यांना, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलासुद्धा, की मन्हा पोऱ्या खोटं बोलत नही. घरात ते मारवाडी बोलायचे, पण हे वाक्य नेहमी अहिराणीतच, गावाला कळावं म्हणून. मी बाजूला उभा असायचो, औषधाची बाटली हलवत.

बंडूला माहीत होतं. त्याच संध्याकाळी मिरवणुकीत तो गुलालाने माखलेला माझ्या शेजारी चालत होता, त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघून नाचायला लागला. दोन वर्षांनी तो सुरतेला साड्यांच्या कामाला गेला. सुरुवातीला यायचा, मग लग्नकार्यापुरता, मग नाही. आम्ही कधी भांडलो नाही. ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता आलं असतं असा तो एकच माणूस होता, आणि आम्हा दोघांना एकमेकांसमोर बसवेना.

जामसिंगचं पुढे काय झालं ते मला शहाद्याच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं, सहज, कापड मोजताना. त्याच्या गावात बोलवा उठली होती की जामसिंगने गोल विकला. शहरवाल्यांनी काही तरी दिलं असणार, नाही तर दिसत असलेला गोल कोणता कॅप्टन सोडून देतो? वर आपलाच एक माणूस बाहेर बसवतो? त्याचं कॅप्टनपद गेलं. पुढे बरीच वर्षं गावच्या पंचायतीत तो उठून बोलायला लागला की मागून कोणी तरी म्हणायचं, तू बस, तू विकणारा. व्यापारी हे गंमत म्हणून सांगत होता. मी मीटर तसाच धरून उभा राहिलो आणि त्याचं कापड हातभर जास्त फाडलं.

आम्हा जैनांत भाद्रपदात क्षमा मागायची रीत आहे. वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम. वडील घरोघर जाऊन हात जोडायचे. मी कार्डं छापली, आता फोनवरून एकाच बोटाने तीनशे जणांना पाठवतो. रीत फार सुंदर आहे, दोष तिचा नाही. मीच तिच्यात पळवाट शोधली: काय केलं ते न सांगता सगळ्यांची एकगठ्ठा माफी मागायची आणि मोकळं व्हायचं. एका वर्षी तर मी मनाची समजूत घातली की ‘सगळ्यांत’ जामसिंगही आलाच. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. मिळवायला काय लागलं असतं? एक फोन.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. धानोऱ्याचे दोघे भाऊ बांधाच्या वादात मला मध्यस्थ म्हणून घेऊन गेले, “कॅप्टन सांगी ते खरं,” म्हणाले, आणि मला वाटलं हे मला टोमणा मारताहेत. ते बिचारे चहात दूध जास्त घालून माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. त्या ओसरीवर दहा-बारा माणसं असतील. एवढं एकटं मला रिकाम्या दुकानात कधी वाटलं नाही.

यंदा स्पर्धेच्या पोरांनी मला अंतिम सामन्याला प्रमुख पाहुणा केलं. मी नाही म्हणून पाहिलं, त्यांनी त्यालाही मोठेपणा समजून पत्रिका छापून टाकली. मैदान आता छान आहे, जाळ्या आहेत, लाइनमन आहेत, कॅप्टनच्या दंडावर तयार पट्टा असतो, तो कोणी सोडत नाही. ब्राह्मणपुरीचा संघ अंतिमला आला होता, आणि समोर धडगावच्या वरच्या डोंगरातलं तेच गाव. पोरांना वॉर्मअप देत एक माणूस उभा होता. केस पिकलेले, छाती तशीच रुंद.

मी मांडवातून उठून तिथवर चालत गेलो. काय बोलायचं याचा सव्वीस वर्षं सराव केला होता आणि तोंडातून निघालं ते एवढंच, “जामसिंग, तो बॉल आत होता.”

त्याने पोरांना दोन चकरा मारायला पाठवलं. मग म्हणाला, “मला दिसला होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू पट्टी हातात घेतली. त्याच्यावर मी काय बोलू? मला सांगून काय फायदा? मला माहीतच आहे. आमचे दोन म्हातारे आलेत, ते बघ तिकडे, निळ्या गाडीजवळ. त्यांना माहीत नाही. त्यांना सांग. सगळ्यांना सांग.”

“सांगतो,” मी म्हणालो.

सामना डोंगरातल्या संघाने जिंकला, दोन शून्य. बक्षीस समारंभात माझ्या गळ्यात हार पडला, निवेदक पोराने माझी कोपराची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली आणि माइक माझ्या हातात दिला. मी अहिराणीत बोललो, म्हणजे कोणाला कळलं नाही असं व्हायला नको. “सव्वीस वरीस पहिले याच मैदानवर मी खोटं बोलनू. जामसिंगना बॉल आत गया व्हता. गोल व्हयना व्हता. मी पट्टी हातमा लिसन खोटं सांगं. जामसिंग इकाना नही. कोनीच त्याले काही दिधं नव्हतं. चोर मी शे.”

वाटलं, आता दगड येतील. खरं सांगतो, दगडांची मला आशा होती.

निवेदकाने माझ्या हातातून माइक घेतला. “मित्रहो,” तो म्हणाला, “याला म्हणतात खिलाडूवृत्ती! आज जिंकलेल्या पाहुण्या संघाचा मान वाढवण्यासाठी आपल्या कॅप्टनने सव्वीस वर्षांपूर्वीचा गोलसुद्धा त्यांना देऊन टाकला, आणि कमीपणा स्वतःकडे घेतला!” टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणतोय, अरे नाही, मी खरं सांगतोय, तर पुढच्या रांगेतले लोक प्रेमाने हसताहेत. कोणी तरी ओरडलं, “आसा कॅप्टन पुन्हा व्हवाव नही!” दुसरा हार आला. मी माइक परत मागितला, तर पोरांनी मला खांद्यावर घेतलं, गुडघ्याला सांभाळून. जामसिंगच्या संघातली पोरंही टाळ्या वाजवत होती, आणि निळ्या गाडीजवळचे दोन म्हातारे गर्दीतून वाट काढत आले, त्यांतल्या एकाने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. म्हणाला, “तू मोठा माणूस आहे. हरलेल्याला पण गोल देतो.”

खाली उतरल्यावर मी जामसिंगला शोधलं. तो जाळ्या सोडायला मदत करत होता, एकटाच. मी म्हणालो, “मी सांगितलं. तू ऐकलंस ना? मी सगळं सांगितलं.”

“ऐकलं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. “तेव्हा तू गोल घेतला, तुझं नाव झालं. आज दिला, परत तुझंच नाव झालं.”

त्याने जाळीची घडी घातली, दोरीने बांधली आणि आपल्या पोरांना गाडीत बसायला हाक मारली. मी त्याच्यामागे जाणार होतो, पण फोटोसाठी लोक थांबले होते.